फार छान वागणारी माणसं

ताईला ताई म्हणायला वयाची अट नव्हती. सहलीला आलेले पंच्याहत्तरीचे आजोबाही तिला ताई म्हणत, त्यांची सूनही ताई म्हणे, आणि त्या परमुलखातला बसचा ड्रायव्हर तर हेच तिचं पाळण्यातलं नाव आहे अशा समजुतीने दरवर्षी तिला 'प्रिय मिस ताई' अशी ईमेल पाठवत असे. तिने त्याला कधी दुरुस्त केलं नाही. जिचं निम्मं आयुष्य बसच्या सगळ्यात पुढच्या सीटवर, रस्त्याकडे पाठ आणि माणसांकडे तोंड करून गेलं, तिला एवढ्यातेवढ्याला दुरुस्त्या करत बसणं परवडत नाही. लग्नाचं वयही असंच त्या सीटवरून कधीतरी मागे पडलं होतं.

सहल कंपनीच्या जाहिरातीत 'एक देश, तीन महानगरं, सगळं आरामात' असं छापलेलं असे. आराम कोणाच्या वाट्याला यायचा ते ताईला विचारावं. राजधानीत कोणीतरी पासपोर्ट हॉटेलच्या उशीखाली विसरायचं, बंदराच्या शहरात कोणाच्या तरी यजमानांचा पत्ता लागायचा नाही, आणि तिसऱ्या, कारखान्यांच्या शहरात पोचेपर्यंत सगळ्यांचे पाय सुजलेले आणि तोंडं फुगलेली असायची. पण बस सुरू झाली आणि ताईने माइक हातात घेतला की सगळे गप्प ऐकत. त्या देशाच्या रीतिभाती सांगाव्यात तर तिनेच.

"दुकानात शिरलात की आधी नमस्कार, मग भाव. तोंड न उघडता वस्तूला हात लावलात तर तो माणूस तुम्हाला दिवसभर विसरणार नाही. लिफ्टमध्ये दाराकडे तोंड करून उभं राहायचं. ताटात टाकायचं नाही. आणि ट्राममध्ये फोनवर बोलायचं नाही. मुलीच्या सासूबद्दल तर अजिबात नाही! त्यांना शब्द कळले नाहीत तरी सूर कळतो."

बस हसली. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब होते, त्यांना शंका फार. ते म्हणाले, "अहो ताई, पण हे लोक हसत का नाहीत?"

"साहेब, तुम्ही काउंटरवर असताना किती हसत होतात?"

साहेबांच्या बायकोने सगळ्यात मोठ्याने टाळी वाजवली. राजधानीतला राजवाडा, बंदरातला दीपगृहाचा जिना, सगळं नेहमीसारखं पार पडलं. पण या खेपेला माइकवर बोलताना ताईचं निम्मं चित्त तिसऱ्या शहरात अडकलेलं होतं. तिथे तिचा धाकटा भाऊ राहायचा. गेल्या हिवाळ्यात तो तिथेच वारला.

धाकटा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. दोन वर्षांसाठी म्हणून गेला आणि तिथलाच झाला. तिथल्याच मुलीशी लग्न केलं, मुलगी झाली. पुढच्या वर्षी नक्की येतो, असं दर वर्षी म्हणाला. ताईची सहल त्या शहरात आली की तो एकटाच हॉटेलवर येऊन तिला भेटून जाई; त्याच्या घरी जाण्याइतकी सवड तिला कधी मिळाली नाही. बाबा गेले तेव्हासुद्धा आला नाही. फोनच्या पडद्यावरून त्याने बाबांचं दर्शन घेतलं, मध्येच कॉल तुटला आणि त्याने तो पुन्हा लावला नाही. पुढचं सगळं ताईने केलं. मग एक दिवस कामावर असताना त्याच्या छातीत दुखलं, आणि तिकडेच सगळं आटोपलं. ताईचा व्हिसा हातात पडला तेव्हा जाऊन करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

उरली होती ती त्याची मुलगी. पहिलीदुसरीत जाणारी, केसांच्या दोन वेण्या घालणारी. ताईच्या आईने नातीला कधी जवळ घेतलं नव्हतं. आईचे गुडघे आता जिन्यापर्यंतही नेत नव्हते, तर विमान कुठलं! म्हणून ताई निघाली तेव्हा आईने तिचा हात धरून ठेवला. "सुनेला म्हणावं, एका सुट्टीत पाठव पोरीला. एकच सुट्टी. डोळे भरून बघते आणि परत देते. आणि हे बघ, तिथे जाऊन तोंड वाजवू नकोस. गोड बोल."

"मी काय भांडायला चाललेय का?" ताई म्हणाली होती.

तिसऱ्या शहरात पोचल्यावर ताईने मंडळींना हॉटेलात सोडलं, चार वाजता खाली भेटायला सांगितलं आणि ट्रामने एकटीच भावजयीकडे गेली. इमारत जुनी होती पण जिना नुकताच धुतलेला होता. चौथ्या मजल्यावर दार उघडंच होतं. भावजय उंबऱ्यात उभी होती, गळ्यात शिवणकामाची टेप, कारण ती घरीच लोकांचे पडदे शिवायची. दोघी प्रथमच समोरासमोर येत होत्या. ताईने हात जोडले, मग पुढे केले, मग काय करावं ते न सुचून पिशवी छातीशी धरली. हजार माणसांना परक्याला कसं भेटायचं ते शिकवणारी बाई आपल्या सख्ख्या भावाच्या बायकोपुढे अशी गोंधळली.

खोली एकच पण ऐसपैस होती. एका बाजूला ओटा, एका बाजूला शिलाई मशीन, मध्ये गोल टेबल. खिडकीजवळ हाताची एक खुर्ची होती. तिच्या पाठीवर तपकिरी स्वेटर टाकलेला होता, कोपरावर झिजलेला. ताईला तो ओळखायला वेळ लागला नाही, कारण तो आईनेच विणला होता.

भावजयीने त्या खुर्चीकडे हात केला. "बसा."

ताई जागची हलली नाही. गेलेल्या माणसाच्या जागेवर, त्याचा स्वेटर अजून पाठीला असताना, असं जाऊन कसं बसायचं? आणि पाहुण्याला दिलेली चांगली जागा पाहुण्याने एकदम बळकावायची नसते, एवढं तर तिच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. "नको, नको. मी इथेच बरी आहे. थँक्यू," असं म्हणून ती दाराजवळच्या बुटक्या स्टुलावर टेकली. त्या स्टुलावर बसून घरातली माणसं बूट घालत असावीत.

भावजयीने स्टुलाकडे पाहिलं. मग तिने पुन्हा खुर्ची दाखवली. "प्लीज."

"खरंच नको. तुम्ही बसा ना."

मग भावजयीने एक विचित्र गोष्ट केली. तिने खुर्ची खिडकीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणली, तळव्याने बैठक पुसली आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. आतल्या दारात दोन वेण्यांची मुलगी येऊन उभी होती, श्वास धरून. ताईला वाटलं, बिचारी किती आग्रह करते. आग्रह मोडायचा कसा ते आपल्याला येतंच. तिने गोड हसून, मान वाकवून, छातीवर हात ठेवून तिसऱ्यांदा नाही म्हटलं.

भावजयीने हात काढून घेतला. खुर्ची होती तिथे परत गेली. त्यानंतरचं सगळं अगदी व्यवस्थित झालं. कॉफी आली. दोघींच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत थंडीबद्दल बोलणं झालं, प्रवासाबद्दल झालं. ताईने आजीने पाठवलेला फ्रॉक काढला. तो मुलीला दोन वर्षांपूर्वी झाला असता. मुलीने तो अंगाला लावून पाहिला आणि आईच्या तोंडाकडे बघून घडी घालून ठेवला. धाकट्याबद्दल भावजय एक अक्षर बोलली नाही, आणि ताईनेही विषय काढला नाही. दुःखाच्या घरी जाऊन आपण होऊन काय खोदायचं? ज्याचं दुःख त्याने बोलावं, आपण गप्प बसून ऐकावं, असंच ती लहानपणापासून बघत आली होती.

शेवटी तिने सुट्टीचं विचारलं. आजी थकली आहे, एकदा नातीला बघायचं म्हणते, मी स्वतः न्यायला येईन आणि स्वतः आणून सोडीन.

"मला नाही वाटत ते जमेल," भावजय म्हणाली. आवाजात राग नव्हता. बँकेतल्या बाईने तुमचं खातं या शाखेत नाही असं सांगावं, तितकंच ते सरळ होतं. मग ती उठली आणि तिने ताईचा कोट आणून दिला.

ताई जिना उतरली ती रागाने लाल होऊन. एवढी गोड बोलले, एवढं सांभाळून घेतलं, आणि ही बया तासभरही टेकू देत नाही! धाकट्याने काय बघून केली हिला? चार वाजता ती मंडळींना घेऊन नदीवर गेली आणि या शहरातली माणसं स्वभावाने जरा कोरडी आहेत, असं माइकवरून सांगितलं. साहेबांनी मान डोलावली. त्यांना ते पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

आईने संध्याकाळी फोन केला तेव्हा ताई म्हणाली, "अजून नीट बोलणं व्हायचंय." खोटं बोलल्याचं तिला वाईट वाटलं, पण त्याहून आईच्या "बरं, बरं, सावकाश बोल" या शब्दांनी जास्त कसंतरी झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी खरेदीला बाजारात शिरली. खरेदीचा दिवस म्हणजे ताईला आणि ड्रायव्हरला सुट्टी. बाजारामागच्या मैदानात बस उभी करून दोघं पायरीवर बसले. ड्रायव्हर इथलाच, पोट सुटलेला, मिशा पिकलेल्या, तीन मुलींचा बाप. इतक्या वर्षांत दोघांनी मिळून आपलं एक इंग्रजी तयार केलं होतं, त्यात व्याकरण नव्हतं पण अडायचंही नाही. ताईने त्याला सगळं सांगितलं. मन मोकळं करायला दुसरं होतं कोण?

तो ऐकत होता. मध्येच म्हणाला, "तू बसलीस कुठे?"

"स्टुलावर. दारापाशी."

"खुर्ची दिली नाही तिने?"

"दिली की! त्याचीच दिली. मी कशी बसणार त्यावर?"

ड्रायव्हरने हातातलं सँडविच कागदावर ठेवलं. "किती वेळा दिली?"

ताईने सांगितलं. मधोमध ओढून आणली, हाताने पुसली, हेही सांगितलं. सांगता सांगताच तिच्या लक्षात येऊ लागलं की काहीतरी मोठं बिनसलं आहे, कारण ड्रायव्हर तिच्याकडे बघत नव्हता.

"आमच्याकडे," तो म्हणाला, "घरातला माणूस गेला की त्याच्या खुर्चीत कोणी बसत नाही. बायको नाही, पोरं नाहीत. त्याच्या आईच्या घरचं कोणीतरी येतं. त्याने पहिल्यांदा बसायचं. बसला म्हणजे काय? हा आमचा होता, आणि तो आमचा म्हणून हे घरही आमचं. मग सगळे रडतात, त्याच्या गोष्टी सांगतात. तोवर कोणी त्याच्याबद्दल बोलत नाही."

"आणि नाही बसलं तर?"

"तर त्यांनी त्याला टाकला. त्याला, आणि त्याच्यामागे जे राहिलं त्यालाही."

ताईला कळलं. त्या बाईने आपल्याला नाकारलं नव्हतं. आपणच तिला नाकारून आलो होतो, तिच्या घरात, तिच्या लेकीसमोर, गोड हसून, तीनदा.

"इतकी वर्षं येतेस," ड्रायव्हर म्हणाला, "तुला हे ठाऊक नव्हतं?"

"मला कोणी घरात नेलंय का कधी? राजवाड्यात कोणाची खुर्ची रिकामी असते?"

ते खरंच होतं. तिला या देशातल्या दुकानांच्या, ट्रामच्या, हॉटेलांच्या, संग्रहालयांच्या सगळ्या रीती पाठ होत्या. सहलींना माणसांच्या घरात नेत नाहीत.

ड्रायव्हर उठला. "चल. एवढं काही नाही त्यात. परकी आहे, कळलं नाही तिला, असं मी समजावतो. ती पुन्हा खुर्ची देईल, तू बस, रड, मिटलं. तुझी माणसं जेवणाच्या वेळेपर्यंत बाहेर येत नाहीत."

अख्खी बस घेऊन ते निघाले. भावजयीच्या गल्लीत ती वळेना, म्हणून तोंडाशीच लावून चालत गेले. चार मजले चढून ड्रायव्हरला धाप लागली. दार भावजयीनेच उघडलं. गळ्यात टेप, हातात टाचण्यांची डबी. तिने या म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. तिच्यामागे मुलगी दिसत होती, आज शाळेला सुट्टी असावी.

ड्रायव्हर त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलला. ताईला त्यातले 'नमस्कार' आणि 'खुर्ची' एवढेच शब्द कळले, पण तो ज्या तऱ्हेने कपाळावर हात मारून घेत होता त्यावरून आपली बाजू चांगली लढवली जाते आहे असं तिला वाटलं. भावजय ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा मऊ होत गेला. मग तिने ताईकडे बघून एक प्रश्न विचारला.

ड्रायव्हर वळला. "ती म्हणते, तुला ठाऊक नव्हतं हे तिला पटलं. पण ती विचारते, ठाऊक असतं तर बसली असतीस?"

किती सोपा प्रश्न! 'हो' म्हणायचं आणि आत जायचं. पाचच मिनिटांत पोचतो, खोलीतून समुद्र दिसतो, इथलं जेवण तुम्हाला नक्की आवडेल, अशी हजार खोटी वाक्यं ताईच्या जिभेवर कायम तयार असत. ड्रायव्हरने तर तिच्या वतीने मान हलवायलाही सुरुवात केली होती. पण मुलगी तिच्याकडे टक लावून बघत होती. बाबांना, धाकट्याला आणि ताईला होतं तसंच रुंद कपाळ तिलाही होतं, आणि त्या कपाळापुढे ताईला ते खोटं बोलवेना.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?" ड्रायव्हर दचकला.

"सांग तिला. ठाऊक असतं तरी नसते बसले." आणि एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. "बाबा गेले, हा आला नाही. फोन तुटला तर परत लावला नाही याने! आईचं ऑपरेशन मी करून घेतलं, घर गळायला लागलं तर वर मी चढले. हा इकडे लोकांच्या लिफ्टी वरखाली करत बसला. पुढच्या वर्षी येतो म्हणे! गाढव कुठला! आणि आता मी याच्या खुर्चीत जाऊन बसू? बसून काय सांगू, सगळं छान झालं म्हणून? काही छान झालं नाही. मला राग आहे याचा. मेला तरी आहे, आणि मी मरेपर्यंत राहील."

मध्येच कधीतरी ती आपल्या भाषेत शिरली होती. ड्रायव्हर तोंड उघडं टाकून उभा होता. ताईने कोटाच्या बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा त्यांच्या त्या इंग्रजीत थोडक्यात सांगितलं. त्याने ते खालच्या आवाजात, घाबरत घाबरत पुढे पोचवलं.

भावजयीने मुलीला जवळ ओढलं. मग ड्रायव्हरमार्फत म्हणाली, "जिथे त्याच्यावर इतका राग आहे, तिथे मी माझ्या मुलीला कशी पाठवू?"

"अगं, राग आहे म्हणूनच तर!" ताई कळवळून म्हणाली. "हिला नीट समजावून सांग रे बाबा. आमच्यात परक्यावर कोणी रागवत नाही. परक्याशी आम्ही गोड बोलतो. त्याला चांगली जागा देतो, त्याचे आभार मानतो. रागवायचं, ओरडायचं, ते आपल्या माणसावर. तिथे आभार मानले तर माणसाला लागतं. मी त्याच्यावर एवढी चिडलेय ती तो माझा आहे म्हणून. टाकलेल्या माणसावर कोण चिडतं?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या रीती आपल्या माणसांना समजावून देणारी ताई आज पहिल्यांदा आपली रीत दुसऱ्याला समजावत होती, आणि ते किती अवघड असतं ते तिला कळत होतं. ड्रायव्हरने एकदा सांगून पाहिलं, मग वेगळ्या शब्दांत सांगितलं, मग हातवारे केले. ताई भावजयीच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हती. आता तिला कळेल. कळलं की ती दारातून बाजूला होईल. आईला संध्याकाळी सांगता येईल.

भावजयीने गळ्यातली टेप काढली आणि बोटाभोवती सावकाश गुंडाळली. "हे मला माहीत आहे," ती थेट ताईला, आपल्या तुटक इंग्रजीत म्हणाली. "तो सांगायचा." मग शब्द पुरेनात म्हणून ती ड्रायव्हरकडे वळली आणि त्यांच्या भाषेत बोलू लागली. ड्रायव्हर एकेक वाक्य ताईकडे सरकवत गेला.

"ती म्हणते, लग्न झाल्यावर ती त्याला कशाबद्दलही थँक्यू म्हणाली की तो हसायचा. म्हणायचा, घरात असं बोलायचं नसतं."

"हो," ताई म्हणाली. "बरोबर."

"तुझी आई दर रविवारी फोन करायची. त्याला ओरडायची. हिला शब्द कळायचे नाहीत, पण तो हसत असायचा. मग तो फोन हिच्याकडे द्यायचा आणि तुझ्या आईचा आवाज बदलायचा. हळू, गोड. हाऊ आर यू. थँक्यू. व्हेरी नाइस. दर रविवारी."

आईचा तो आवाज ताईच्या चांगला ओळखीचा होता.

"तो गेला तेव्हा तू फोन केलास. ती म्हणते, मी वाट बघत होते की तू मला विचारशील, तुझं लक्ष कुठे होतं, डॉक्टरकडे का नेलं नाहीस. ती स्वतःला तेच विचारत होती. कोणीतरी ओरडून विचारलं असतं तर तिला रडता आलं असतं. पण तू म्हणालीस, तुम्ही सगळं केलंत, आम्ही तुमचे फार आभारी आहोत."

ते खरं होतं. ते वाक्य ताईने आदल्या दिवशी कागदावर लिहून पाठ केलं होतं, आणि फोन ठेवल्यावर आई म्हणाली होती, छान बोललीस हो.

"आणि काल," ड्रायव्हर म्हणाला, पण पुढचं त्याने सांगितलं नाही. ताईनेही विचारलं नाही. काल त्या स्टुलावर बसून आपण किती वेळा थँक्यू म्हणालो ते तिला आठवत होतं. कॉफीला, साखरेला, रुमालाला, कोटाला.

मुलीने आईचा हात धरला होता. भावजय तिच्या डोक्यावरून हात फिरवत शांतपणे शेवटचं बोलली. ड्रायव्हरने ते ऐकलं, मिशीवरून हात फिरवला आणि जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिला.

"सांग," ताई म्हणाली.

"ती म्हणते, मुलीला ती पाठवणार नाही. तुमच्या घरी तिला कोणी ओरडणार नाही. सगळे तिच्याशी फार छान वागतील."

भावजय दारातच उभी होती. तिने दार लावलं नाही. ती ताईच्या तोंडाकडे बघत होती, काहीतरी ऐकायची तयारी असल्यासारखी. ताईने तोंड उघडलं. 'सॉरी' हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता. तो तिने गिळला, कारण तोही परक्यालाच म्हणायचा असतो, आणि त्या जातीच्या शब्दांवाचून दुसरा कुठलाही शब्द ती या बाईसाठी आजवर शिकलीच नव्हती.